छत्तिसाव्या वर्षी पुन्हा उमेदवारी

आपल्या व्यापारी घरांत एक जुनी रीत होती. मुलगा हाताशी आला की त्याला थेट स्वतःच्या गादीवर न बसवता, परिचिताच्या पेढीवर उमेदवारीस धाडीत. तेथे त्याला कोणी ‘शेठ’ म्हणत नसे. म्हणूनच तो शिके. आयर्लंडचे रग्बीपटू रोनन ओ’गारा यांची कारकीर्द वाचताना ही रीत आठवली.

रग्बीत लंबगोल चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून मारल्यास गुण मिळतात. ओ’गारा यांचे ते कौशल्य. देशासाठी १२८ सामने, १,०८३ गुण! २००९ साली कार्डिफला वेल्सविरुद्ध सामना संपत आला असता त्यांनी मारलेल्या चेंडूने आयर्लंडला ६१ वर्षांनी ‘ग्रँड स्लॅम’ मिळवून दिला. परंतु २००० साली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांचाच नेम हुकला होता आणि त्यांचा मन्स्टर संघ ८-९ असा एका गुणाने हरला होता.

२०१३ मध्ये, ३६व्या वर्षी, ते निवृत्त झाले. मायदेशी मान होता, नाव होते. तरीही ते पॅरिसच्या रेसिंग संघात साहाय्यक प्रशिक्षक झाले; परका देश, परकी भाषा. पुढे न्यूझीलंडच्या क्रुसेडर्स संघातही ते साहाय्यकच होते. सहा वर्षांच्या या उमेदवारीनंतर, २०१९ मध्ये, फ्रान्समधील ला रोशेल संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये दोन अंतिम सामने गमावले. २०२२ मध्ये युरोपीय चषक जिंकला. २०२३ मध्ये डब्लिनला ०-१७ असे मागे पडूनही त्यांच्या संघाने २७-२६ अशी बाजी मारली. या वेळी एका गुणाने विजय! मात्र तो निर्णायक चेंडू मारणारा पाय दुसऱ्याचा होता. ओ’गारा मैदानाबाहेर होते.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मी अनेकदा पाहिले, की दुकान मुलाच्या नावावर असे, पण तिजोरीची किल्ली वडिलांच्याच कमरेला. तेव्हा मनातल्या मनात हसत असे. निवृत्तीनंतर मीही रोज मुलाच्या हिशेबाच्या वह्या तपासू लागलो. एके दिवशी त्याने वही हलकेच मिटली आणि म्हणाला, “बाबा, चुकलो तर मी विचारीन.” त्या रात्री मला नीट जेवण गेले नाही.

आता उमगते, उमेदवारी माझीच राहिली होती. वाचकहो, शिकवणाऱ्यालाही हात आवरण्याचे शिक्षण घ्यावे लागते.