न दिसलेल्यांचा हिशेब

बुद्धपौर्णिमेची रात्र पाणवठ्यावरच्या मचाणावर जागवली की दुसऱ्या दिवशी आकडे छापून येतात: इतके गवे, इतकी अस्वले, इतकी सांबरे. वन विभाग या उपक्रमाला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतो, हे योग्यच झाले. त्यातून माणसांची जंगलाशी ओळख होते, आणि तिचे मोल मोठे आहे. पण त्या आकड्यांवरून ‘सांबरे घटली’ असे ठरवणे निदान आपण तरी थांबवायला हवे. वळवाच्या एका सरीने डबकी भरली, की सांबरे त्या पाणवठ्याकडे फिरकत नाहीत.

जंगलात असलेल्यांपैकी किती जनावरे आपल्याला दिसतात, हे प्रमाण कळल्याशिवाय कोणत्याही गणनेला अर्थ येत नाही. पाऊलठशांवरून वाघ मोजताना ते काढण्याची सोयच नव्हती. सरिस्कात कागदावर वाघ नांदत होते आणि 2005 उजाडले तेव्हा तिथे एकही उरला नव्हता.

हे प्रमाण अधिवासागणिक बदलते. ताडोब्याच्या सागवानात ट्रान्सेक्ट, म्हणजे ठरवलेल्या सरळ रेषेत चालत मोजणे, चांगला चालतो. कळप दिसताच रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा घेतली, की रेषेपासूनचे लंब अंतर मिळते. जसजसे लांब जावे तसतशा नोंदी किती विरळ होतात, त्यावरून निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी साधारण 60 ते 80 नोंदी हव्यात. सह्याद्रीच्या दाट, उभ्या उतारांवर तेवढ्या मिळणे अवघड, आणि सरळ रेषेत चालणे तर त्याहून अवघड. तिथे कॅमेरा ट्रॅप आणि गव्याच्या शेणाच्या नोंदी कामी येतात. मात्र शेण किती दिवसांत नाहीसे होते, हे त्याच जंगलात, त्याच ऋतूत तपासलेले असावे. माळरानावर काळवीट दुरून दिसतात म्हणून जीपमधून मोजण्याचा मोह होतो. पण रस्ते माळाचे प्रतिनिधित्व करत नाहीत. स्पितीत भरल मोजताना दोन पथके एकाच वाटेने थोड्या अंतराने जातात. दोघांनाही दिसलेले कळप आणि एकालाच दिसलेले कळप यांवरून दोघांच्याही नजरेतून सुटलेले किती, ते काढता येते. आम्हाला ही पद्धत फार आवडते. तिला महागडे उपकरण लागत नाही, लागते ती नोंदीची शिस्त.

पद्धत बदलली की जुन्या आकड्याशी तुलना संपते. 2017 मध्ये देशात 27,312 हत्ती नोंदले गेले. 2025 मध्ये जाहीर झालेला, लिदीतल्या डीएनएवर आधारलेला अंदाज 22,446 आहे. पाच हजार हत्ती गेले, असा याचा अर्थ लावता येत नाही.

भर उन्हात बीट पायाखाली घालणाऱ्या वनरक्षकाने एकही जनावर न दिसलेला फेराही लिहून ठेवावा. विश्लेषणाला तोही तितकाच लागतो. यापुढे आमच्याकडे येणाऱ्या गणनेच्या लेखात किती किलोमीटर चालले, किती फेरे रिकामे गेले आणि अंदाजाची खालची-वरची मर्यादा काय, हे नसेल तर आम्ही तो आकडा छापणार नाही.