विश्लेषण : वृद्धाश्रमाला मालमत्ता कर माफ असतो का? मेख आहे ‘भाडे’ या शब्दात

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेली आहे, प्राप्तिकर सवलतीचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले आहे, देणगीच्या पावत्याही फाटतात. तरीही महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल येते. वृद्धाश्रम चालवणारे विश्वस्त इथे गोंधळतात आणि ‘सेवाभावी संस्थेला कसला कर?’ असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागतो.

प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. संस्था धर्मादाय असणे आणि तिची इमारत करमुक्त असणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदा काय म्हणतो?

मालमत्ता कर हा केंद्राचा विषय नाही. तो राज्याच्या कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्था आकारतात. त्यामुळे प्राप्तिकर विभागाने दिलेली सवलत महापालिकेला आपोआप बांधील धरत नाही.

मुंबईपुरते पाहायचे तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधले कलम १४३ महत्त्वाचे. सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी ‘केवळ’ वापरल्या जाणाऱ्या इमारतींना आणि जमिनींना हे कलम सर्वसाधारण करातून वगळते. राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यात कलम १३२ आहे आणि तिथेही ‘सार्वजनिक धर्मादाय प्रयोजन’ हीच कसोटी आहे. म्हणजे पाहिली जाते ती संस्थेची घटना नव्हे, तर जागेचा वापर. विश्वस्त संस्था कितीही नावाजलेली असो, तिने तळमजला बँकेला दिला असेल तर त्या तळमजल्याला माफी नाही.

पण वृद्धाश्रमांची खरी अडचण त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात आहे. ज्या जागेत व्यापार-धंदा चालतो किंवा जिच्यापासून भाडे मिळते, ती जागा धर्मादाय वापराची मानली जाणार नाही, असे मुंबईचा कायदा सांगतो. ते भाडे पुन्हा धर्मादाय कामावरच खर्च होत असले तरी नाही. ‘आम्ही नफा घेत नाही, आलेला पैसा आजी-आजोबांवरच खर्च करतो’ हे उत्तर माणुसकीच्या दृष्टीने पुरेसे असेल, या पोटकलमापुढे ते टिकत नाही.

मग महिन्याची फी म्हणजे भाडे का?

सगळा वाद इथे येऊन थांबतो. पूर्णपणे देणग्यांवर चालणारे, निराधारांना विनामूल्य ठेवणारे आश्रम आहेत. पण अनेक आश्रमांत दरमहा शुल्क असते. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी अनामत घेतात आणि काही ठिकाणी ती लाखांच्या घरात असते.

संस्थांचे म्हणणे असे की, हे शुल्क दोन वेळचे जेवण, औषधपाणी, आया, रात्रीची देखभाल या सगळ्याचे आहे. राहणारी व्यक्ती भाडेकरू नसते, तिला खोलीवर कोणताही हक्क मिळत नाही. करनिर्धारण विभाग दुसऱ्या टोकाकडून पाहतो. स्वतंत्र खोली, करारनामा, अनामत रक्कम आणि न भरल्यास जागा सोडण्याची अट, हे सगळे असेल तर त्याला भाडे का म्हणू नये?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कायदा १८८८ चा आहे, आणि पैसे भरून राहण्याचा वृद्धाश्रम त्या वेळच्या कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर असण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे निर्णय कागदपत्रांवर, जागेच्या पाहणीवर आणि बऱ्याचदा पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या आकलनावर अवलंबून राहतो.

शुल्क घेणाऱ्या संस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ‘चिल्ड्रन बुक ट्रस्ट’ प्रकरणात दिलेला निकाल इथे उपयोगी पडतो. प्रकरण दिल्लीचे होते आणि मुद्दा शिक्षणाचा होता. दिल्लीच्या कायद्यात संस्था पूर्णतः किंवा अंशतः ऐच्छिक देणग्यांवर चालली पाहिजे, अशी अट आहे. फी घेऊन शाळा चालवणे एवढ्यानेच ते काम धर्मादाय ठरत नाही, त्यात लोकहिताचा, परोपकाराचा अंश असला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईच्या कायद्यातली भाषा वेगळी आहे, त्यामुळे हा निकाल इथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण चांगले काम आणि धर्मादाय काम यांत फरक करण्याची पद्धत त्यातून दिसते.

वृद्ध असणे पुरेसे, की गरीबही असायला हवे?

हा वाद आपल्याकडचाच नाही. ‘धर्मादाय’ या शब्दाच्या कायदेशीर अर्थाचे मूळ इंग्लंडच्या १६०१ सालच्या एका कायद्यापर्यंत जाते. त्यात वृद्ध, दुर्बल आणि गरीब यांना दिलासा देण्याचा उल्लेख होता. हे तिन्ही गुण एकाच व्यक्तीत हवेत, की एक पुरे? १९८३ मध्ये जोसेफ राउन्ट्री ट्रस्टच्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने एक पुरे, असे सांगितले. संस्था वृद्धांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घरे देणार होती, तीही किमतीचा मोठा वाटा घेऊन. तरी ते काम धर्मादाय मानले गेले. अट एकच होती: वयामुळे निर्माण झालेली खरी गरज भागली पाहिजे. श्रीमंत म्हाताऱ्याच्या हातात पैसे ठेवल्याने ती भागत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने जास्त कडक वाट धरली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये करमाफीसाठी पाच कसोट्या घातल्या. त्यांतल्या दोन वृद्धाश्रमांना थेट भिडतात: सेवेचा मोठा भाग विनामूल्य दिला जातो का, आणि संस्थेमुळे सरकारवरचा भार हलका होतो का?

दुसरी कसोटी आपल्याकडे लावली तर संस्थांचे पारडे जड होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण राज्ये असे आश्रम उभारू ‘शकतात’ अशी ती मोघम भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते आणि एकट्या महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त. उरलेले काम संस्था करतात.

माफी मिळाली म्हणजे बिल शून्य?

नाही. मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर ही एक ओळ असते. त्याखाली जल लाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशा ओळी असतात. कलम १४३ ची माफी सर्वसाधारण कराची आहे.

मुंबईकरांना याचा अनुभव आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये माफी जाहीर झाली ती फक्त सर्वसाधारण कराची. लोकांनी बिल उघडले तर बाकीच्या ओळी तशाच. संपूर्ण माफी आली ती १ जानेवारी २०२२ पासून. ती मात्र उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, आणि कमावत्या माणसाच्या छोट्या घराइतका निराधारांचा आश्रम नशीबवान ठरला नाही, ही यातली विसंगती.

महापालिकेचे काय?

तिची बाजूही समजून घ्यायला हवी. स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, मुंबईतली जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली. स्वतःच्या हातात राहिलेल्या मोठ्या उत्पन्नांपैकी मालमत्ता कर एक आहे. शिवाय ‘ज्येष्ठांसाठी’ या नावाखाली आज निराधारांच्या दालनापासून क्लबहाउस असलेल्या सदनिकांपर्यंत सगळे येते. सरसकट माफी दिली तर त्याचा फायदा कोणाला होईल, हे सांगायला नको.

रेघ आखता येते का?

येते, आपल्याच कायद्यांत दोन नमुने आहेत. पहिला जीएसटीचा. सरकारी किंवा प्राप्तिकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय वृद्धाश्रमाने साठीपुढच्या रहिवाशाकडून राहणे, जेवण आणि देखभाल मिळून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही. २०१८ मध्ये ठरलेली ही मर्यादा महागाईच्या मानाने तोकडी वाटेल, पण निदान आकडा आहे. वाद घालायला जागा उरत नाही.

दुसरा नमुना धर्मादाय रुग्णालयांचा. सवलती घेणाऱ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेतच. तरी सवलतीच्या बदल्यात काय द्यायचे, हे तिथे लिहिलेले आहे. वृद्धाश्रमांसाठी शुल्काची मर्यादा आणि विनामूल्य जागांचे प्रमाण असा जोड निकष महापालिका कायद्यांत घातला, तर ‘भाडे’ या शब्दावरची कुस्ती बरीच कमी होईल.

शेवटी कोणाच्या खिशातून?

एक काल्पनिक हिशेब पाहू. ६० खाटांच्या आश्रमाला वर्षाला ३ लाख रुपये कर आला. सगळे शुल्क भरणारे असतील तर प्रत्येकी महिन्याला सुमारे ४१७ रुपये. त्यांतले २० जण विनामूल्य राहत असतील, तर तोच भार उरलेल्या ४० जणांवर येतो, म्हणजे प्रत्येकी ६२५ रुपये. जितका परोपकार जास्त, तितका कराचा चटका जास्त. तो टाळायचा सोपा मार्ग म्हणजे विनामूल्य जागा कमी करणे.

शहराच्या वेशीवरच्या आश्रमांना आणखी एक धोका असतो. जमीन स्वस्त म्हणून ते गावात उभे राहतात, ग्रामपंचायतीचा कर भरतात आणि एक दिवस गाव महापालिकेत जाते. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे अशीच महापालिकेत आली. हद्द बदलली की कायदा बदलतो आणि माफीचा अर्ज नव्याने करावा लागतो.

अर्ज करणाऱ्या संस्थांसाठी कलम १४३ मध्येच एक दार उघडे आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. इमारतीचा फक्त काही भाग धर्मादाय वापरात असेल तर तो भाग करासाठी स्वतंत्र मालमत्ता धरला जातो. निराधारांचे दालन आणि शुल्काच्या खोल्या वेगळ्या मजल्यांवर असतील, नकाशात तसे दाखवलेले असेल आणि दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवलेले असतील, तर निदान त्या दालनापुरती माफी मागता येते.