ऐकायला या, पण बोलू नका!

अॅरिझोना राज्यात सरकारी सभा उघड्या दाराने भरविण्याचा कायदा १९६२ सालापासून आहे. कायदा चांगला आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. आमच्या चँडलरच्या सिटी कौन्सिलमध्ये मेयर धरून सात सभासद. त्यांतले चार जण शहराच्या कामाविषयी बोलू लागले की ती सभा झाली, मग ते कोणाच्या घरी चहावर बोलोत की ईमेलवर. निदान २४ तास आधी विषयपत्रिका लावावी लागते. वकिलाचा सल्ला, नोकरांच्या नेमणुका अशा थोड्या बाबी बंद दाराआड चालतात, पण मत सर्वांसमोरच द्यावे लागते. चोरून केलेला ठराव रद्द ठरतो.

मग आमची तक्रार कसली? तक्रार ही, की या कायद्याने नागरिकाला हजर राहून ऐकण्याचा हक्क दिला, बोलण्याचा दिला नाही. लोकांना चार शब्द बोलू द्यावे की नाही, ही सभेची मर्जी. जमिनीच्या वापरातील बदलासारख्या काही बाबतींत सुनावणी सक्तीची आहे, ती दुसऱ्या कायद्याने. आज चँडलरमध्ये बोलू देतात, हे खरे. पण मर्जीने दिलेले मर्जीने काढूनही घेता येते.

आमचा जन्म वॉर्डात गेला. ड्यूटी बदलताना चार्ज रोग्याच्या खाटेजवळ दिला, तर रोगी मध्येच म्हणतो, "सिस्टर, ते इंजेक्शन मला काल दिलेच नाही." केसपेपरवर मात्र सही असते! त्याच रोग्याला "तू फक्त ऐक" म्हटले, तर खाटेजवळ उभे राहण्याचा उपयोग काय?

बोलण्याने काय होते ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसले. येथे मोठे डेटा सेंटर बांधण्याचा प्रस्ताव होता, आणि माजी सिनेटर कर्स्टन सिनेमा त्याची तरफदारी करीत होत्या. रहिवाशांनी विरोध केला. कौन्सिलने ७ विरुद्ध ० मतांनी प्रस्ताव फेटाळला.

शेजारच्या कॅलिफोर्नियाचा ब्राउन कायदा १९५३ चा. तेथे नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावतात, आणि नागरिकाला बोलू देणे सक्तीचे आहे. तेथील कारभार काही बंद पडलेला नाही. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडे तर मतदार यादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासदच असतो, प्रेक्षक नव्हे. (किती ग्रामसभा कागदावरच होतात, ते सांगायला नको.) येथे मात्र २४ तास! रात्रपाळी करून झोपलेली बाई उठेपर्यंत त्यातले अर्धे संपलेले असतात.

आपल्यातले काही जण म्हणतात, "आपण बाहेरून आलेले, यांच्या भानगडीत कशाला पडा?" पाण्याचे बिल आणि घराचा कर भरताना हे कोणी म्हणत नाही. शिवाय सभेला बसायला सिटिझनशिप लागत नाही. कायदा 'येऊ इच्छिणाऱ्या सर्वांना' असे म्हणतो.

आमची मागणी दोनच गोष्टींची आहे: बोलण्याचा हक्क कायद्यात लिहा, आणि २४ चे ७२ तास करा. हे कौन्सिलच्या हातात नाही, फिनिक्सच्या विधिमंडळाच्या हातात आहे. प्रत्येक मतदारसंघाला तेथे एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी असतात. तिघांनाही पत्रे टाका, आणि जानेवारीत अधिवेशन भरण्यापूर्वी टाका.