चर खणणाऱ्यांचा वकील

नगर तालुक्यातील हिवरे बाजारला पाहुणे जातात, डोंगरउतारावरचे समतल चर पाहतात आणि पोपटराव पवारांच्या नेतृत्वाचे, गावाच्या श्रमदानाचे गोडवे गात परततात. गोडवे गैर नाहीत. परंतु 1994 मध्ये आदर्श गाव योजनेत आलेल्या या गावाच्या पाणलोटकामांना रोजगार हमीचा पैसा लागला होता, आणि हजेरीपटावरच्या मजुरांचा घाम त्या मातीत आहे, हे सांगायला वक्ते विसरतात. श्रमदान म्हटले की हक्काचा प्रश्न मिटतो. मजुरी म्हटली की तो उभा राहतो आणि मग वकील लागतो.

हा वकील कोठे होता? न्या. पी. बी. सावंत यांचे उदाहरण बोलके आहे. 1957 पासून वकिली, कामगार संघटनांचे कायदेविषयक सल्लागार, 1973 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात. 1990 मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाचा, कारण न देता नोकरीवरून काढण्याचा नियम घटनापीठाने बहुमताने रद्द केला. सावंत त्या बहुमतात होते. पण 1992 मध्ये जवाहर रोजगार योजनेखाली दिल्ली प्रशासनाने घेतलेले मजूर कायम होण्याची मागणी घेऊन आले, तेव्हा ती फेटाळणारा निकालही सावंतांनीच लिहिला.

चळवळीतील काहींना यात विश्वासघात दिसेल. तो दिसणे सोपे आहे, आणि चूक आहे. बेकार हातांसाठी ठेवलेला पैसा मूठभरांच्या कायमपणावर संपला तर योजनाच बुडेल, हे त्या निकालातील म्हणणे खोटे नव्हते. खटकते ते दुसरेच. उपजीविकेच्या हक्काची हमी देण्याची ऐपत देशाला अजून आलेली नाही, असे त्यात म्हटले आहे. ज्या महाराष्ट्रातून सावंत दिल्लीला गेले, तेथे 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात होता! पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. ऐपतीचा प्रश्न शहरातल्या व्यवसाय कराने बराचसा सोडविला होता. पुढे 2005 मध्ये केंद्रानेही देशभरासाठी तसा कायदा केला.

म्हणजे खणणाऱ्याची खरी मागणी कायमपणाची नव्हतीच. वेळेवर कामाची, वेळेवर दामाची आणि भत्त्याची होती. ती मांडणारी वकिली महाराष्ट्रात फारशी उभी राहिली नाही. कामगार वकिलीची शाळा गिरणीच्या दारात भरली, औद्योगिक न्यायालयात वाढली; खडी फोडणारी बाई तिच्या अभ्यासक्रमात नव्हती. संघटना असली की कायदा किती हलतो, ते मुंबईच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांनी दाखविले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यांच्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघ होता, आणि वर्षानुवर्षे जमविलेले पुरावे होते.

भत्त्याच्या दाव्याला पुरावा एकच लागतो : कामाच्या मागणीअर्जाची तारखेसह पोच. ती हाती नसेल तर निष्णात वकीलही पंधरा दिवस कोठून मोजणार? कचेरीच्या दारात मजुरांसोबत उभे राहून ती पोच घेण्याचे काम वकिलाचे नव्हते. ते पक्षाच्या तालुका शाखांचे होते.