स्वकीयांवर उलटणाऱ्या पेशी

शरीराची संरक्षक यंत्रणाच शरीरावर उलटते तेव्हा आमवात, ‘ल्युपस’, ‘स्योग्रेन’ यांसारखे स्वयंप्रतिकार रोग जडतात. ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. यवतमाळ जिल्ह्यात निंदणी आणि कापूसवेचणी मुख्यतः स्त्रियांच्याच हातांवर चालते. तेथे सुजलेले सांधे हे कष्टाचे दुखणे समजून अंगावर काढले जातात. त्यामुळे हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा उरत नाही. तो मजुरीचाही होतो.

या रोगांचे एक मूळ रक्तातील ‘बी’ पेशींत आहे. या पेशींपासून प्रतिपिंडे निर्माण होतात. स्वतःच्याच ऊतींना लक्ष्य करणाऱ्या काही पेशी प्रत्येकाच्या शरीरात घडतात. मात्र त्यांना रोखणारे पहारेही असतात. हे पहारे चुकवून त्या बेसुमार का वाढतात? २०२० साली ऑस्ट्रेलियातील गार्वन संस्थेत ख्रिस्तोफर गुडनाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्योग्रेनच्या काही रुग्णांची एकेक पेशी तपासली. घातक प्रतिपिंडे निर्मिणाऱ्या पेशी एकाच पूर्वज पेशीच्या वंशातील निघाल्या, आणि लसिका-कर्करोगास चालना देणारे जनुकीय बदल त्यांत आढळले. हे बदल वारशाने आलेले नसून आयुष्यात पुढे घडलेले होते. सर्वच स्वयंप्रतिकार रोगांना हा निष्कर्ष लावता येणार नाही. पण कर्करोग आणि स्वयंप्रतिकार यांमधील भिंत वाटली तितकी भक्कम नाही, हे खरे.

म्हणूनच कर्करोगावरील उपचार इकडे वळत आहेत. ‘बी’ पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ साली आली. जर्मनीतील एर्लांगेन येथे ल्युपसवर ‘कार-टी’ पेशींचा प्रयोग यशस्वी झाला. मुंबईच्या आयआयटी व टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या अशाच उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगांसाठी. परदेशाच्या मानाने तो स्वस्त असला, तरी त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला तो कसा पेलावा?

परंतु शास्त्राने दिलेला धडा महागड्या उपचारापुरता नाही. बिघडलेला वंश फोफावण्यापूर्वीच रोग ओळखणे, हे त्याचे सार आहे. प्रतिपिंडांची प्राथमिक तपासणी तुलनेने अल्पखर्चाची आहे. मलेरियावरील जुने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ल्युपसमध्ये आजही पायाभूत औषध आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या रोगांसाठी नियमित बाह्यरुग्ण दिवस असावा, आणि दीर्घकाळ सांधे सुजलेल्या स्त्रीस आशा सेविकेने तेथे पाठवावे. वेळीच केलेला हा थोडा खर्च, निकामी मूत्रपिंडाच्या उपचारापेक्षा शासनालाही स्वस्तच पडेल.