मिरवणूक कोणाची?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी पार्थिव गणेशाची प्रतिष्ठापना व्हावी आणि अनंत चतुर्दशीस त्याचे विसर्जन व्हावे, ही आपली परंपरा. आवाहन आणि विसर्जन हे दोन्ही पूजेचेच उपचार होत. ज्या भावाने देवास बोलवावे, त्याच भावाने त्यास निरोप द्यावा, असा संकेत आहे. त्याचे स्मरण आज मुद्दाम करून देण्याचे कारण असे की, निरोपाच्या मिरवणुकीत देव कोठे आहे आणि लोकांचे डोळे कोठे लागले आहेत, हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या, कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या गावाच्या वेशीशीही तो येऊन उभा आहे. फलकावर गणरायाचे चित्र कोपऱ्यात आणि अमुक तालुक्याहून येणाऱ्या 'डीजे'चे नाव मात्र हातभर अक्षरांत! पोरे विचारतात, 'यंदा कोणता डीजे?' यंदा कोणते भजनी मंडळ, असे विचारणारा विरळा.

विदर्भात ज्याला आपण 'डीजे' म्हणतो, त्यालाच पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हणतात. या नावात मोठा विनोद दडलेला आहे. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली आपली संस्था स्थापन केली, ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याच्या युक्तीच्या बळावर. ज्याने गोंगाट कमी केला, त्याचेच नाव आपण गोंगाटास देऊन टाकले! 'डिस्क जॉकी' हा मूळचा तबकड्या निवडून वाजविणारा मनुष्य. अमेरिकेत शिकागोच्या 'वेअरहाऊस' नामक नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा गृहस्थ तबकड्या अशा कौशल्याने जोडीत असे की, त्या स्थळाच्या नावावरून 'हाऊस' हा संगीतप्रकारच रूढ झाला. निवड आणि जोडणी हीही कलाच आहे. तिची निंदा करण्याचे आम्हांस कारण नाही.

परंतु कलेभोवती बाजार उभा राहिला की कलावंताची मूर्ती होते, आणि मूर्ती झाली की तिचा उत्सव होतो. २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' हा महोत्सव सुरू झाला. पाश्चात्त्य डीजेंच्या दर्शनासाठी हजारोंची रीघ लागू लागली. २०१५ साली 'न्यूक्लिया' या नावाने ख्यात झालेल्या भारतीय डीजेने 'बास रानी' हा आपला गीतसंग्रह मुंबईत गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीतच लोकांपुढे आणला. २०२३ च्या डिसेंबरात गोव्याच्या त्याच महोत्सवात पडद्यावर भगवान शंकराची प्रतिमा झळकविल्यावरून पोलिसांत तक्रारी झाल्या. एकीकडे देवाच्या मिरवणुकीत डीजे आला आणि दुसरीकडे डीजेच्या रंगमंचावर देव गेला. दोन्ही ठिकाणी देवाकडे काम एकच उरले, ते गर्दीस शोभा आणण्याचे.

या गाजावाजाने ज्यास डोक्यावर घेतले, त्याचे तरी कल्याण होते काय? स्वीडनचा 'अविची' हा तरुण डीजे जगभर गाजला. प्रकृती खालावल्यामुळे २०१६ साली त्याने दौरे थांबविले, आणि २०१८ च्या एप्रिलात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मस्कत येथे त्याचा अंत झाला. माणसाच्या खांद्यांवर देवत्वाचा भार ठेवू नये, हेच शहाणपण.

आपल्या पूर्वजांनी हा धोका ओळखला होता. कीर्तनकार उभा राहतो ती गादी नारदांची. तो प्रथम तिला वंदन करतो, मग मुखाने नाम घेतो. श्रोते त्याच्या गळ्यात हार घालतात, पायांवर डोके ठेवतात. पण तो मान गादीचा, व्यक्तीचा नव्हे. आरती झाली, बुक्का लागला की तोच मनुष्य श्रोत्यांत मिसळतो. गाणाऱ्याने लोकांचे लक्ष आपल्यावर घ्यावे आणि ते तसेच पुढे देवाकडे द्यावे, अशी ही योजना आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची सहा लक्षणे सांगितली आहेत. त्यांत घाई करणारा, डोके हालविणारा आणि अर्थ न जाणणारा यांची गणना आहे. या तीन लक्षणांवरून आजच्या मिरवणुकीची परीक्षा वाचकांनीच करावी.

न्यायाने बोलावयाचे तर आमच्या कीर्तनक्षेत्रासही ही बाधा झाली आहे. कीर्तनकारांचे छायाचित्र देवाहून मोठे, बिदागीची चर्चा निरूपणाहून अधिक, आणि विनोदी तुकड्यांची मोबाइलवर फिरवाफिरव, हे दृश्य कोणास अपरिचित आहे? नारदांच्या गादीवर उभे राहून जो स्वतःचे नाव गाजवितो, त्यास डीजेस बोल लावण्याचा अधिकार नाही. दोष यंत्रात नाही, अहंकारात आहे. यंत्राने तो केवळ शतपटीने ऐकू येतो.

आणि ऐकण्याविषयीच बोलावयाचे तर, भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली, तीत पहिले स्थान श्रवणास आहे आणि कीर्तन दुसरे. ज्याचे कान गेले त्याच्या भक्तीचे पहिले दारच बंद झाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सणांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते, म्हणजे १०० डेसिबलचा आवाज ५५ च्या तीस हजार पटींहून अधिक शक्तीचा ठरतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाकाठी आठ तास, तर १०० डेसिबलमध्ये केवळ पंधरा मिनिटे राहावे. स्पीकरच्या भिंतीसमोर आपली मुले चार-चार तास नाचतात. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. बाळंतिणीची खोली, हृदयविकाराने अंथरुणास खिळलेले आजोबा, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी ही सारी त्याच रस्त्यावर राहतात. त्यांना सोसावयास लावून केलेल्या उत्सवाचे पुण्य कोणाच्या पदरी पडावे?

उपाय केवळ पोलिसांच्या हाती नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनासाठी डीजेस मोकळीक देण्याचे नाकारले, तरीही गाड्या वाजतच राहिल्या. लोकमान्यांनी १८९३ पासून उत्सवास सार्वजनिक रूप दिले ते लोक एकत्र यावेत, ऐकावेत, बोलावेत म्हणून. शेजाऱ्याचा शब्द ज्या आवाजात ऐकू येत नाही, तेथे लोक जमतात, पण एकत्र येत नाहीत. वर्गणी घरातून जाते, तेव्हा ती देताना गृहिणीने विचारावे, 'दादा, हा पैसा कशास लागणार?' ज्या तरुणांनी कर्ज काढून ध्वनियंत्रणा घेतली, त्यांच्या पोटावर पाय देऊ नये. तीच यंत्रणा मर्यादित आवाजात आरती, व्याख्यान आणि भजनासाठी लावून त्यांस काम द्यावे. मिरवणुकीच्या अग्रभागी टाळ-मृदंग व खंजिरी असावी, आणि फलकावर देवाखेरीज कोणाचेही नाव नसावे.

खंजिरीचे नाव घेताच या भूमीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात. एवढ्याशा वाद्यावर त्यांनी गावेच्या गावे जागविली. १९६८ साली ते गेले. आजही आश्विन वद्य पंचमीस, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, गुरुकुंज मोझरीस जमलेला अफाट जनसमुदाय मौन पाळून त्यांस श्रद्धांजली वाहतो. एवढ्या लोकप्रिय गायकाचा सन्मान आपल्या विदर्भाने शांततेने केला आहे. यंदा गणरायास निरोप देताना वडनेरच्या, आणि प्रत्येक गावच्या, मंडळाने निदान विसर्जनाच्या घाटावर पाच मिनिटे सर्व यंत्रे बंद ठेवावीत. 'पुढच्या वर्षी लवकर या' ही विनवणी मग देवासही ऐकू जाईल आणि आपल्यासही.