घास अडतो तेव्हा

कानडी घरांत नाचणीचा उंडा चावीत नाहीत. सारात बुडवून तो अलगद गिळतात. बंगळूरच्या कोरमंगला भागातील एखाद्या मराठी घरातही ही रीत रुळलेली आहे, आणि तेथील पासष्ट वर्षांच्या आजोबांना तीन महिन्यांपासून हा मऊ घासही छातीत अडू लागला आहे, असे समजू या. पाणीसुद्धा सरळ उतरत नाही. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. निदान होते ‘ॲकॅलेशिया’. कर्करोग नाही, म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंती कधी कधी अकाली ठरते.

ॲकॅलेशियात अन्ननलिकेतील मज्जातंतू निकामी होतात आणि जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा वेढा गिळताना सैल होत नाही. हा विकार कर्करोग नव्हे. १९१३ साली जर्मन शल्यचिकित्सक एर्न्स्ट हेलर यांनी हा वेढा छेदून रोग्याला आराम मिळवून दिला. आज फुग्याने तो ताणता येतो किंवा तोंडावाटे दुर्बीण घालूनही छेदता येतो.

परंतु जठराच्या तोंडाशी वाढणारी कर्करोगाची गाठ याच विकाराचे हुबेहूब सोंग घेऊ शकते. असे क्वचितच घडते. पण गाठ आतील अस्तराखाली दडलेली असली, तर दुर्बिणीतून वरचा पृष्ठभाग निरोगी दिसतो आणि तपासणीसाठी काढलेला तुकडाही निर्दोष ठरतो. अशा वेळी फुग्याच्या उपचारात मोलाचा काळ वाया जातो.

मग ओळखावे कसे? खरा ॲकॅलेशिया बहुधा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. रोग्याचे वय पंचावन्नच्या पुढे असेल, त्रास वर्षभराच्या आतला असेल, वजन झपाट्याने उतरले असेल किंवा दुर्बीण जठरात शिरताना विशेष अडली असेल, तर संशय धरावा. यांपैकी एकही खूण पुरावा नव्हे. परंतु आमच्या कल्पनेतील आजोबांप्रमाणे दोन-तीन एकत्र आल्या, तर सी.टी. स्कॅन आणि दुर्बिणीतून केलेली ध्वनिलहरींची तपासणी यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

कोरमंगल्यातच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कर्करोगासाठी शहरात किदवाई संस्था आहे. तेथे जाताना त्रास केव्हा सुरू झाला आणि वजन किती घटले, हे कागदावर लिहून न्यावे. वडीलधारी माणसे या दोन्ही गोष्टी कमी करून सांगतात, आणि निदानाची दिशा पुष्कळदा त्यांवरच ठरते.